मागचा डावा स्पीकर

१

दर सोमवारी सकाळी दहा वाजता माझी यादी जाते. महाराष्ट्रातल्या त्रेचाळीस येड्यांना मी ती मोबाईलवर पाठवतो. येडे अशासाठी म्हणतो की, पाच बाजूंनी वाजणाऱ्या संगीताच्या डिस्कला आजच्या काळात शहाणा माणूस पैसे देत नाही. गाणी मोबाईलवर फुकट पडलीत. तरी ही मंडळी एका चकतीला चार-चार हजार मोजतात, आणि वर "अण्णा, कव्हरचा कोपरा दुमडलाय, दोनशे कमी करा की" म्हणून माझं डोकं खातात. मी एक पैसा कमी करत नाही. यादीत डिस्कचं नाव, किंमत, आणि शेवटी उपलब्ध आहे की नाही, एवढंच असतं. नमस्कार-चमत्कार नाही.

मी शिवानंद. सोलापुरात नवी पेठेच्या मागं पूर्वी माझं कॅसेटचं दुकान होतं. कॅसेट गेली, सीडी गेली. मग खाली मोबाईलची कव्हरं विकणारा भाडेकरू बसवला आणि मी माडीवर आलो. माडीवरच्या खोलीत समोर तीन स्पीकर, मागं दोन, आणि बरोबर मधे माझी वेताची खुर्ची. साधी सीडी समोरूनच वाजते. माझ्या डिस्कांमध्ये मागूनही आवाज येतो. वादक तुमच्या पाठीशी येऊन बसलाय असं वाटतं, आणि नवखा माणूस हटकून मान वळवतो. मी कधी वळवत नाही. मान वळवणारा ऐकत नसतो, असं मी लोकांना शिकवायचो.

त्या सोमवारी यादी गेली आणि पाचच मिनिटांत अकलूजच्या शहाजीचा फोन आला. शहाजी साखर कारखान्यात केमिस्ट आहे. माणूस सरळ, कान बरे.

"अण्णा, एक इचारू का? ती 'चार कोपरे' तुमच्याकडनं घेतलेली हाय न्हवं?"

'चार कोपरे' हे आम्हीच ठेवलेलं नाव. परदेशातल्या चार वादकांनी खोलीच्या चार कोपऱ्यांत बसून धातूची वाद्यं वाजवलीत, त्याची ती डिस्क. झांजा, थाळ्या, घंटा. तीन वर्षांपूर्वी मी ती शहाजीला विकली होती.

"हाय. मग?"

"तिच्यात मागच्या डाव्या स्पीकरमधनं टकटक येती. भांड्यावर अंगठी वाजवल्यागत. तिसऱ्या तुकड्यात."

मी कपातला चहा खाली ठेवला. "येते म्हणजे? डिस्कमधनंच येते?"

"मग काय माझ्या कपाटातनं? डिस्कमधनंच की. पर त्याचं काय न्हाय. घेतली तवा तीन टकटक हुत्या. मला चांगलं आठवतंय. आता मोजल्या तर सात हायत."

मी त्याला झापलं. म्हणालो, ही काय गाभण शेळी आहे का आतल्या आत वाढायला? डिस्क झिजत नाही, वाढत नाही, एकदा छापली की छापली. तू आधी नीट ऐकलं नसशील. तो "व्हय, व्हय" म्हणत राहिला. फोन ठेवल्यावर मात्र मनातल्या मनात मी त्या शहाजीचे पाय धरत होतो.

२

का, ते सांगतो.

माझी बायको हेमावती. माहेर मैंदर्गी. बोलकी बाई. मी ऐकायला बसलो की हिला नेमकं काहीतरी सांगायचं असायचं. गॅसवाला आलाय, भाडेकरूनं वीजबिल भरलं नाही, असलंच काहीतरी. एकदा मी फार ओरडलो. डिस्क चालू असताना या खोलीत तोंड उघडायचं नाही, म्हणालो. ती रागावली की कन्नडवर जायची, तशी गेली. दुसऱ्या दिवशी मात्र हसत आली. हातात स्टीलचं फुलपात्र.

"तोंड बंद, हात चालू. चालेल का साहेबांना?" असं म्हणून तिनं अंगठी फुलपात्रावर वाजवून दाखवली. तीन टकटक म्हणजे उठा, इकडं या. दोन म्हणजे चहा झाला. एक म्हणजे काही नाही, तुमचं चालू द्या.

मला ते आवडलं. मी हात वर करून 'कळलं' म्हणायचो, मान न वळवता. सोळा वर्षं आमचं असं चाललं. दुपारी जेवणं झाली की ती मागच्या डाव्या स्पीकरजवळच्या खुर्चीत वाती वळत बसायची. तिला त्या संगीतात ओ की ठो कळत नव्हतं. माझ्याजवळ बसायला मिळतं म्हणून ती यायची, हे मला तेव्हाही माहीत होतं.

तीन वर्षांपूर्वीची एप्रिलमधली दुपार. 'चार कोपरे' नवीनच आली होती, मी पहिल्यांदाच ऐकत होतो. तिसऱ्या तुकड्यात एक मोठी थाळी वाजते आणि विरत जाते. ती विरता विरता मागून डावीकडून आलं. टक, टक, टक. इतकं स्वच्छ, इतकं जवळून! मी म्हणालो, "वाऽ!" हात वर केला, मोठ्यानं म्हणालो, "काय रेकॉर्डिंग आहे!"

डिस्क संपल्यावर म्हणालो, "ऐकलंस का हेमा?" उत्तर नाही. "बरं, मग चहा टाक." तरी उत्तर नाही. तेव्हा मी वळलो.

ती खुर्चीत बसलेलीच होती. फुलपात्र मांडीवर आडवं पडलं होतं, रिकामं. मुठीत, छातीत जळजळलं की घ्यायची ती गोळी. पाण्याचा तांब्या माझ्या खुर्चीच्या पायाशी होता. नेहमी तिथंच असायचा, कारण मला ऐकताना तहान लागते.

डॉक्टर म्हणाले, एका क्षणात गेल्या, त्यांना कळलंसुद्धा नसेल. आमच्यात माणसाला बसवूनच माती देतात. तिला तशीच बसवून नेली. सगळे रडत होते आणि माझ्या डोक्यात एकच होतं. ती टकटक डिस्कमधली होती, की तिची?

डिस्क पुन्हा लावून बघायची, संपलं. दीड तासाचं काम. पण माझी छाती झाली नाही. तेराव्या दिवशी मी ती शहाजीला विकून टाकली. खरेदीपेक्षा दोनशे रुपये जास्त घेऊन. हेही सांगून टाकतो, लपवायचं कशाला.

आणि आता शहाजी म्हणत होता, टकटक डिस्कमध्ये आहे. म्हणजे हेमानं मला बोलावलंच नव्हतं. म्हणजे ती खरंच क्षणात गेली. मी खुर्चीत बसून पोरासारखा रडलो. तीनाच्या सात झाल्याचं मी सोयीनं विसरलो.

३

मला खात्री हवी होती, आणि तीही कोऱ्या प्रतीवरून. सीलबंद, कुणी न ऐकलेली. तिच्यात टकटक असली की मी सुटलो.

त्या डिस्कच्या पाचशेच प्रती निघाल्या होत्या. मला ती अडीच हजारांत पडली होती. आता शोधायला लागलो तर जिथं जावं तिथं एकच उत्तर, उपलब्ध नाही. हेच शब्द मी दर सोमवारी लोकांच्या तोंडावर मारत आलो होतो. पुण्यातल्या एका गिऱ्हाइकाकडे होती. त्यानं जुना सूड उगवला. म्हणाला, "अण्णा, तुम्ही मला कधी दोनशे सोडले का?" शेवटी जपानमधल्या एका विक्रेत्याकडे एक सापडली. टपाल, कस्टम धरून सेहेचाळीस हजार. जन्मात पहिल्यांदा मी किंमत वाचली आणि घासाघीस केली नाही.

अठरा दिवसांनी पार्सल आलं. दुपारचे दोन वाजले होते, बाहेर बेचाळीस डिग्री. प्लास्टिक फाडताना नखं सटकत होती. डिस्क घातली, खुर्चीत बसलो, डोळे मिटले. पहिला तुकडा. दुसरा. तिसऱ्यात थाळी वाजली आणि विरू लागली. मी खुर्चीचे हात धरून ठेवले.

काही नाही. थाळी विरली. शांतता. मग उजवीकडून घंटा.

मागं जाऊन ऐकलं. पाच वेळा. समोरचे तिन्ही स्पीकर बंद केले आणि मागच्या डाव्याला कान लावून जमिनीवर बसलो. तिथं फक्त विरणारी थाळी होती. त्या क्षणी डिस्कमध्ये दुसरं काहीच नव्हतं.

म्हणजे ती हेमाच होती. तीन टकटक केल्या तिनं. उठा, इकडं या. आणि मी 'वा' म्हणालो.

खूप वेळानं मला सुचलं की, मग शहाजीच्या घरी काय वाजतंय?

४

एस.टी.नं अकलूजला गेलो. शहाजी कारखान्याच्या वसाहतीत राहतो. दार त्याच्या बायकोनं, पूनमनं उघडलं. पाणी दिलं, पण बसली नाही.

"अण्णा, ती डिस्क न्यायला आलाव का?"

"बघायला आलो."

"न्या की. मी त्या खोलीत झाडायला बी जात न्हाय." मग पदर सावरत म्हणाली, "कुणाला तरी पाणी पायजे हाय तितं."

"कशावरनं?"

"आमच्या सासूबाई अंथरुणावर हुत्या दोन वरीस. अशाच वाजवायच्या. रिकामं भांडं हाय ते. भरलेलं आसं वाजत न्हाय."

अठ्ठावीस वर्षं मी कानाचा धंदा करतोय. तारेवरून बोट सरकलेलं ऐकू येतं म्हणून मिरवतोय. रिकामं आणि भरलेलं मला नाही कळलं.

शहाजीनं डिस्क लावली. प्लेअरमध्ये घालायच्या आधी मी ती हातात घेऊन पाहिली होती. माझ्याच अक्षरातला किमतीचा कागद कव्हरवर होता. थाळी वाजली, विरू लागली.

टक, टक, टक. मागून, डावीकडून.

आणि मग अगदी बारीक, समोरून कुठून तरी, एक पुरुष म्हणाला, "वाऽ!"

"हे तर नवीनच की," शहाजी पुटपुटला आणि वळून माझ्याकडं बघू लागला. आवाज त्यानं ओळखला होता. गेली दहा वर्षं फोनवर त्याला किमती सांगणारा तोच आवाज.

टक, टक, टक. थोडं थांबून पुन्हा तीन. उजवीकडून घंटा वाजत होत्या, झांजा वाजत होत्या, सगळं त्याच्या जागी होतं, आणि मागं ती वाजवत होती. तीन, तीन, तीन. आठव्या वेळी दोनच. मग बराच वेळ काही नाही, मला वाटलं संपलं, आणि पुन्हा तीन. या वेळी हळू. तुकडा संपला, पुढचा लागला, तरी ते चालूच. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होतो. पहिल्या टकटकीपासून शेवटच्यापर्यंत एकोणीस मिनिटं गेली.

डॉक्टर भला माणूस. क्षणात गेल्या म्हणाला. एकोणीस मिनिटं ती माझ्या पाठीमागं सहा फुटांवर बसून मला बोलावत होती. पहिल्या तीन सोडून बाकीच्या मला झांजांतल्याच वाटल्या असणार. तिला ओरडता आलं असतं. पण डिस्क चालू होती, आणि या खोलीत तोंड उघडायचं नाही हा नियम माझा होता.

"किती घेणार?" मी शहाजीला विचारलं. तोंडातून दुसरं काही निघेना.

"पैसं नगं अण्णा. नुसती घेऊन जावा." त्यानं ती रुमालात गुंडाळून दिली. आजवर कुणी मला डिस्क फुकट दिली नव्हती.

५

दुसऱ्या दिवशी सोमवार. यादी गेली नाही.

दुपारी जेवण केलं नाही. तांब्या भरून खुर्चीच्या पायाशी ठेवला. तिचं फुलपात्र कपाटातून काढलं, तेही तिथं ठेवलं. आत तळाशी एक वात चिकटून वाळली होती. ती मी काढली आणि खिशात टाकली. जपानची प्रत कव्हरमधून काढून मांडीवर ठेवली, का कोण जाणे. शहाजीची डिस्क लावली.

आपण काय करतोय हे मला कळत होतं. माणूस म्हातारा झाला, एकटा राहतो, उन्हानं डोकं फिरतं, अपराधी मन कानात काहीही भरतं. पण शहाजीचा कोणता अपराध होता? पूनमचा कोणता?

थाळी वाजली. टक, टक, टक. "वाऽ," म्हणाला तो माणूस. मी त्याला शिवी दिली.

दुसरी टकटक झाली आणि लाईट गेली. दुपारची जाते आमच्याकडं. पंखा फिरत फिरत थांबला, प्लेअरचे निळे आकडे विझले, खालचा भाडेकरू ओरडला. घंटा मधेच तुटली.

टकटक थांबली नाही.

तीन. मग तीन. मागून, डावीकडून. स्पीकरमधून येणाऱ्या आवाजाला एक कड असते, मी ती झोपेतही ओळखेन. याला ती नव्हती. हे खोलीतलं होतं.

"आलो, हेमा," मी म्हणालो आणि वळलो. तीन वर्षं उशिरा का होईना, खुर्चीसकट वळलो. मागं तिची खुर्ची होती, रिकामी. गादीवर ऊन पडलं होतं. मी तिच्याकडं बघत बसलो.

टक, टक, टक.

माझ्या पाठीमागून. मघाशी जी समोरची भिंत होती तिथून, डावीकडून. मी पुन्हा वळलो. भिंत, तीन मुके स्पीकर. आणि पाठीमागं टक, टक, टक. मी किती वेळा फिरलो माहीत नाही. वेताची खुर्ची आडवी झाली, मी उभ्यानं फिरत राहिलो, धोतराच्या सोग्यात पाय अडकला. मी जिकडं पाठ करीन तिकडं ती होती. जन्मभर जिला पाठ दाखवली तिला आता तोंड दाखवायची सोय राहिली नव्हती.

शेवटी खुर्ची सरळ केली आणि बसलो, नेहमीसारखा, भिंतीकडं तोंड करून. जपानची डिस्क खाली पडली होती. उचलली तर तिच्या चकचकीत बाजूत माझा कान दिसला, आणि कानाच्या मागं खोली. मी हात जरासा डावीकडं सरकवला.

तिची खुर्ची दिसली. खुर्चीच्या हातावर कोपर. पुढं आलेला हात, हिरव्या बांगड्या, अंगठी. हातात फुलपात्र होतं, उपडं. आत काही नाही हे मला दिसावं म्हणून धरल्यासारखं. वर जिथं चेहरा असायला हवा तिथं डिस्कचं भोक होतं. मी डिस्क हलवली, पुन्हा हलवली. भोक बरोबर तिथंच यायचं. हात मात्र दिसत होता, आणि तो थकला होता. थरथरत होता.

मी डिस्क पालथी मांडीवर ठेवली. खाली वाकून तांब्या उचलला, त्याला धक्का लागला नव्हता, फुलपात्र काठोकाठ भरलं. थोडं पाणी चुरगळलेल्या धोतरावर सांडलं. मग मान न वळवता, तिला आवडायचं तसं काहीच न बोलता, छे, काय बोलतोय, तिला कुठं आवडायचं ते, मला आवडायचं, न बोलता भरलेलं फुलपात्र डाव्या खांद्यावरून मागं धरलं.

टकटक थांबली.

खांदा भरून आला. मी हात खाली घेतला नाही. खाली भाडेकरू गिऱ्हाइकाला कव्हरची किंमत सांगत होता. मी म्हणालो, "हेमा, घे की. चुकलं माझं. घे."

कुणी घेतलं नाही. पाणी हललंसुद्धा नाही. मग माझ्या हातातल्या त्या भरलेल्या फुलपात्रावर बाहेरून अंगठी वाजली. भरलेल्या भांड्याचा आवाज, बसका. मी पुढच्या टकटकीची वाट बघत राहिलो, लाईट येईपर्यंत, पंखा फिरायला लागेपर्यंत, ऊन गादीवरून खाली उतरेपर्यंत.

एकदाच वाजली होती. काही नाही, तुमचं चालू द्या.